मनोगत व्यक्त केले : महाविद्यालयीन वृत्तातील माजी विद्यार्थी आणि मराठी साहित्य

प्रस्तावना

हिवाळा सरत आला की जिल्हा दैनिकांच्या आतील पानांवर एक ठरावीक वृत्त वारंवार दिसू लागते. अमुक महाविद्यालयात माजी विद्यार्थी मेळावा उत्साहात संपन्न. गाव बदलते, नावे बदलतात, परंतु वृत्ताची घडण बदलत नाही. अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख अतिथी कोण होते, मंचावर आणखी कोणाची उपस्थिती होती, दीपप्रज्वलन कोणाच्या हस्ते झाले, प्रास्ताविक कोणी केले, संचालन कोणी केले आणि आभार कोणी मानले, हा क्रम ठरलेला असतो. मध्येच एक वाक्य येते : ‘यावेळी माजी विद्यार्थ्यांनी मनोगत व्यक्त केले व जुन्या आठवणींना उजाळा दिला.’ वृत्ताचा शेवट ‘कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी’ परिश्रम घेणाऱ्यांच्या नावांनी होतो. हेच वृत्त पुढे महाविद्यालयाच्या वार्षिकांकात अहवालाच्या रूपाने येते आणि तेथून मूल्यांकनाच्या दस्तऐवजात जाते.

या साऱ्या मजकुरात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही, पण एकदा आली की ती दुर्लक्षिता येत नाही. ज्यांच्यासाठी मेळावा भरला त्या माजी विद्यार्थ्यांनी मनोगत व्यक्त केले हे छापले जाते, परंतु ते मनोगत काय होते हे छापले जात नाही. अध्यक्षांच्या भाषणातील दोन वाक्ये येतात, पाहुण्यांचे मार्गदर्शन येते. माजी विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ते केवळ क्रियापद. प्रस्तुत लेखात या न छापलेल्या मनोगताचा विचार करावयाचा आहे. महाविद्यालयाने आपल्या दप्तरात जे नोंदवले नाही ते मराठी साहित्याने कोठे व कसे नोंदवले, आणि भिवापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या छोट्या कला महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी या दोन्ही ठिकाणी कितपत सापडतो, असे या विचाराचे दोन भाग आहेत. त्यासाठी मुख्यतः भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी आणि कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) हे आत्मकथनात्मक लेखन आधारभूत मानले आहे.

वृत्ताची भाषा

महाविद्यालयीन वृत्त हा स्वतंत्र लेखनप्रकार आहे असे म्हटल्यास कोणी हसेल. तरीही प्रकार म्हणून त्याचे नियम कोणत्याही वृत्तबद्ध कवितेइतकेच काटेकोर आहेत. त्यातील क्रियापदे बहुधा कर्मणी असतात : आयोजन करण्यात आले, सत्कार करण्यात आला, मार्गदर्शन करण्यात आले. कर्ता दिसलाच तर तो पदासह दिसतो. विशेषणांचा साठा मर्यादित आहे. उपस्थिती ‘बहुसंख्येने’ असते, मार्गदर्शन ‘मोलाचे’ असते आणि कार्यक्रम ‘उत्साहात’ संपन्न होतो. निरुत्साहात संपन्न झालेल्या कार्यक्रमाचे वृत्त अद्याप कोणी वाचलेले नसावे.

मात्र या भाषेची केवळ थट्टा करणे न्यायाचे होणार नाही. संस्थेला नोंद ठेवावी लागते, उपकार मानावे लागतात, मानपान सांभाळावा लागतो. शेवटच्या ‘परिश्रम घेतले’ या ओळीत कार्यालयातील लिपिक, ग्रंथालय परिचर, शिपाई यांची नावे येतात. वर्षभरात ती अन्यत्र कोठेही छापली जात नाहीत. एवढ्यापुरते हे वृत्त त्या अंकातील भारदस्त वैचारिक लेखांपेक्षा अधिक उदार असते. अडचण आहे ती या भाषेला दोषाची, अपुरेपणाची वा तक्रारीची जागाच नाही ही. ज्याने पदवी घेतली, नोकरी मिळवली, पुढे नाव कमावले त्याचा सत्कार या भाषेत सहज बसतो. जो दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून शेतीवर गेला, जिला परीक्षेच्या आधीच सासरी जावे लागले, जो पदवी घेऊनही हंगामी कामावर आहे, त्यांच्यासाठी या भाषेत वाक्यच उपलब्ध नाही.

या भाषेवर पुढे आणखी एक संस्कार झाला. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद १९९४ साली स्थापन झाली आणि हळूहळू ग्रामीण महाविद्यालयांनाही तिच्या निकषांनुसार आपले कार्य लिहून दाखवणे आवश्यक झाले. २०१७ साली अमलात आलेल्या आराखड्यात विद्यार्थी साहाय्य व प्रगती या पाचव्या निकषाखाली माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान मिळाले. संघटना नोंदणीकृत आहे काय आणि तिचे योगदान काय, हे त्यात विचारले गेले. आर्थिक योगदानाचे टप्पेही पाडले गेले, एक लाखाहून कमी ही खालची पायरी आणि पाच लाख वा अधिक ही वरची. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ या कायद्यानेही महाविद्यालय विकास समितीवरील स्थानिक सदस्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा अशी तरतूद केली. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा प्रतिनिधी असतात. म्हणजे कायद्याच्या व मूल्यांकनाच्या दृष्टीने माजी विद्यार्थी हा देणगीदार आहे, सदस्य आहे, मतदार आहे. या भूमिका आवश्यक आहेत. परंतु माजी विद्यार्थी हा महाविद्यालयाचा साक्षीदारही असतो, किंबहुना तो सर्वांत जवळचा टीकाकार असतो, ही भूमिका कोणत्याही रकान्यात आलेली नाही. ती आली असेल तर साहित्यात.

स्मरणरंजनाची वाट

साहित्यातही ती सरळपणे आलेली नाही. मराठीत माजी विद्यार्थ्याने लिहिण्याचा सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे गुरुजनांचे व्यक्तिचित्र. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्यातील ‘चितळे मास्तर’ने पुढील दोन-तीन पिढ्यांच्या आठवणींना साचा पुरवला. मूळ लेख चांगलाच आहे. गमतीच्या आवरणाखाली काळ बदलल्याची व मास्तर मागे राहिल्याची बोच त्यात आहे. पण अनुकरण झाले ते आवरणाचे. वार्षिकांकांतील ‘माझे आवडते सर’ या जातीच्या लेखांत प्रेम असते, विनोद असतो, डोळ्यांच्या कडाही ओलावतात, मात्र शिकवले काय आणि त्याचा उपयोग काय झाला हा प्रश्न येत नाही. अशा लेखांना दोष देण्याचे कारण नाही. मेळाव्याच्या मंचावर ‘आठवणींना उजाळा’ देण्यासाठी उभ्या राहिलेल्या व्यक्तीकडून त्याहून अधिकाची अपेक्षा कोणी केलेलीही नसते.

‘कोसला’ : न बोलावलेला माजी विद्यार्थी

या पार्श्वभूमीवर ‘कोसला’कडे पाहिले तर ती कादंबरी एका वेगळ्या बाजूने उलगडते. खानदेशातील सांगवी या गावाहून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर हा तिचा निवेदक. त्याचे वय पंचवीस, आणि नेमाडे यांनी ती लिहिली तेव्हा त्यांचे वयही तेवढेच होते. तिच्यावर अस्तित्ववादाच्या, देशीयतेच्या, कादंबरीच्या रूपबंधाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. प्रस्तुत संदर्भात एवढेच नोंदवायचे की पांडुरंग हा महाविद्यालयीन जीवनापासून अलिप्त राहिलेला विद्यार्थी नाही. तो वादविवाद मंडळाचा चिटणीस होतो, वसतिगृहात जबाबदारीचे पद सांभाळतो, खानावळीच्या कारभारात गुंततो, स्नेहसंमेलनात नाटक बसवतो. वार्षिकांकाच्या अहवालात ज्या ज्या ठिकाणी विद्यार्थ्याचे नाव येऊ शकते त्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तो जाऊन येतो. आणि प्रत्येक ठिकाणाहून तो काहीतरी गमावून बाहेर पडतो : पैसा, मित्र, वडिलांचा विश्वास, अभ्यास. मधल्या काळात धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते. अखेरीस मिरवावे असे काहीही हाती न घेता तो सांगवीला परततो.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे पांडुरंगाच्या निवेदनातील दोन शब्द पुढे इतके गाजले की त्यांची नक्कल करणे ही एका पिढीची खूण ठरली. त्या शब्दांचे मूळ कोठे आहे, याचा विचार मात्र त्या मानाने कमी झाला. ‘उदाहरणार्थ’ हा वर्गातील टिपणांचा शब्द आहे. प्राध्यापक सिद्धान्त सांगतात, मग उदाहरण देतात. पांडुरंगाच्या बोलण्यात सिद्धान्त गायब आहे आणि उदाहरणेच उरली आहेत. ‘वगैरे’ हा अहवालाचा शब्द आहे. यादी लांबू नये म्हणून तो शेवटी येतो आणि सर्व काही यथासांग पार पडल्याचे सुचवतो. पांडुरंग तो अशा ठिकाणी वापरतो की पार पडलेल्या गोष्टीतील फोलपणाच दिसावा. शिक्षणसंस्थेने त्याला दिलेली भाषा तो संस्थेला परत करतो, फक्त उलटी करून. या दृष्टीने पाहता ‘कोसला’ हे मेळाव्याच्या वृत्तात न छापलेले मनोगत आहे, आणि ते छापता येणार नाही अशाच भाषेत ते सांगितलेले आहे.

येथे एक मर्यादाही सांगितली पाहिजे. पांडुरंगाचे सारे महाविद्यालय वसतिगृहात आहे. रात्रीची खोली, खानावळ, टेकडी, मित्रांचे अड्डे हा त्या अनुभवाचा गाभा. मुलींचे जग त्याच्या नजरेच्या कडेला राहते. शिवाय अपयश परवडण्यासाठीही काही आधार लागतो. रागावणारे पण पैसे पाठवणारे वडील आणि परतण्यासाठी घर व शेत हा आधार पांडुरंगाला आहे. भूमिहीन मजुराच्या मुलाला पांडुरंगाइतके भरकटणेही शक्य होत नाही. कादंबरीच्या श्रेष्ठत्वाला याने बाध येत नाही, परंतु तिला ‘ग्रामीण विद्यार्थ्याची’ कादंबरी म्हणून सरसकट पुढे करणाऱ्या समीक्षेला मात्र येतो.

नेमाडे यांनी पुढे ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७), ‘झूल’ (१९७९) आणि ‘हूल’ या चांगदेव चतुष्टयात छोट्या गावांतील महाविद्यालये प्राध्यापकाच्या बाजूने पाहिली. चांगदेव पाटील हा इंग्रजीचा प्राध्यापक एका गावाहून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवीत राहतो आणि संस्थाचालक, जातीची गणिते, नेमणुका व बदल्या यांचे एक सबंध जग उभे राहते. त्यात विद्यार्थी आहेत, पण माजी विद्यार्थी जवळजवळ नाहीत, कारण चांगदेव कोणत्याही गावी इतका काळ टिकत नाही की त्याचे विद्यार्थी ‘माजी’ होऊन त्याला भेटावेत.

‘अंतःस्फोट’ : नाव बदलून परतलेली विद्यार्थिनी

नागपूरच्या परिसरातून आलेले कुमुद पावडे यांचे लेखन या विषयाच्या मर्मावर बोट ठेवते. नागपूर विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले, पण हिस्लॉप (१८८३) आणि मॉरिस (१८८५) ही महाविद्यालये त्याच्याही आधीची. या परंपरेतून मोठी माणसे घडली. न्या. मोहम्मद हिदायतुल्ला हे मॉरिस महाविद्यालयाचे विद्यार्थी. तेथून ते केंब्रिजला गेले, परत येऊन वकिलीसोबत त्यांनी नागपूरला काही वर्षे कायद्याचे अध्यापन केले, पुढे १९६८ ते १९७० या काळात भारताचे सरन्यायाधीश आणि १९७९ ते १९८४ या काळात उपराष्ट्रपती झाले. १९८० साली प्रसिद्ध झालेले ‘माय ओन बॉसवेल’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र. अशा जीवनक्रमात शिकलेल्या शहरात शिकवावयास परत येणे ही वाटेवरची एक सहज घटना असते.

कुमुद पावडे यांच्या बाबतीत ती सहज घटना नव्हती. ‘अंतःस्फोट’मधील त्यांच्या संस्कृत अध्ययनाची हकिकत सांगणारा लेख अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेल्या इंग्रजी संकलनातून १९९२ साली देशाबाहेरील वाचकांपर्यंतही पोहोचला. लेखाचा प्रारंभच कौतुकाच्या विश्लेषणाने होतो. आपल्या जातीची स्त्री संस्कृत शिकते व शिकवते याचे लोकांना वाटणारे नवल, त्यासाठी होणारे सत्कार आणि त्या सत्कारांच्या पोटात असलेला अपमान हे त्या एकाच वेळी पाहतात. मेळाव्यातील सत्काराची भाषा सत्कार होणाऱ्याच्या कानाला कशी ऐकू येते, याचे इतके नेमके चित्रण मराठीत क्वचितच सापडेल.

पुढे बालपणीची आठवण येते. मौंजीबंधनाचे मंत्र बाहेर उभे राहून ऐकणाऱ्या मुलींना हुसकावून लावले जाते. नंतर शाळेतले गोखले गुरुजी येतात. धोतर-टोपी-गंध अशा वेषातील या सनातनी दिसणाऱ्या शिक्षकाची भीती बाळगून गेलेल्या विद्यार्थिनीला तेथे अनपेक्षित जिव्हाळा मिळतो. वार्षिकांकाच्या लेखाने येथेच पूर्णविराम दिला असता. पावडे तसे करीत नाहीत. त्या लगेच पदव्युत्तर वर्गातील, विद्वत्तेसाठी दूरवर ख्याती असलेल्या विभागप्रमुखांकडे वळतात. तिने संस्कृत शिकावे हेच त्यांना रुचत नव्हते आणि ते बोलूनही दाखवले जात होते. दोन्ही शिक्षक एकाच परंपरेतले, पण एकाने ती परंपरा ओलांडली आणि दुसऱ्याने ती वर्गात आणली. कृतज्ञता आणि जाब एकाच लेखात ठेवण्याचे हे धैर्य विशेष मोलाचे आहे, कारण एक असले की दुसरे वगळावे असाच आपल्याकडील शिरस्ता आहे.

एम.ए. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्यावर त्यांना दोन वर्षे नोकरी मिळाली नाही. केंद्रीय मंत्री जगजीवनराम यांना त्यांनी पत्र लिहिले. ते पंतप्रधान नेहरू यांच्यापर्यंत पोहोचले, दाद मिळाली, रोख बक्षीसही मिळाले, पण नेमणूक लांबतच राहिली. दरम्यान आंतरजातीय विवाह झाला. कुमुद सोमकुवर या कुमुद पावडे झाल्या. आणि त्यानंतर काही महिन्यांतच शासकीय महाविद्यालयातील नेमणूक हाती आली. आपण ज्या नामांकित महाविद्यालयात शिकलो तेथेच आता शिकवतो आहोत, हे सांगतानाच त्या एक बोच नोंदवतात. ही नोकरी सोमकुवर या नावाला मिळालेली नाही, पावडे या नावाला मिळाली आहे. पतीच्या आडनावाबरोबर लोकांच्या लेखी जातही बदलली, आणि माहेरचे नाव होते तेथेच, वंचित राहिले.

महाविद्यालयाच्या दप्तराच्या दृष्टीने ही यशोगाथा आहे. आमची माजी विद्यार्थिनी आमच्याच महाविद्यालयात प्राध्यापिका झाली, हे वाक्य कोणत्याही अहवालात अभिमानाने छापता येईल. त्यातील एकही शब्द खोटा नाही. तरीही त्या वाक्यात घडलेली गोष्ट नाही. वृत्त आणि मनोगत यांच्यातील अंतर किती असू शकते हे दाखवणारे याहून बोलके उदाहरण या लेखाच्या कक्षेत दुसरे नाही. ‘अंतःस्फोट’ची चर्चा दलित स्त्री-आत्मकथन म्हणून झाली, आणि ती योग्यच आहे. पण तो आपल्या उच्चशिक्षणावरचा, एका माजी विद्यार्थिनीने लिहिलेला, अंगावर येणारा अहवालही आहे. तसा तो वाचला गेला नाही, ही शिक्षणक्षेत्रातील वाचकांची उणीव होय.

स्वतःचे पान

माजी विद्यार्थ्यांना मनोगतासाठी स्वतःचे पान काढावे लागते, याचे मोठे उदाहरण औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालयाचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली हे महाविद्यालय सुरू केले. ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यातील प्रश्नोत्तरांची आठवण महाविद्यालयाच्या व परिसराच्या नावात आहे. म्हणजे ज्या संस्थेचे नावच प्रश्न विचारणाऱ्यावरून पडले, अशी ही संस्था. तेथील प्राध्यापक म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक याच परिसरातून आले आणि १९५६ साली धर्मांतराच्या प्रसंगी नागपुरातही त्याचा प्रयोग झाला. मूळचे नागपूरचे गंगाधर पानतावणे (१९३७–२०१८) या महाविद्यालयात अध्यापन करीत असताना ‘अस्मितादर्श’ची उभारणी झाली, आणि पुढील काही दशके या नियतकालिकाने पहिल्या पिढीतील शिकलेल्यांना लिहिते केले. शिक्षणसंस्थेच्या आवारात उगवलेले लेखन संस्थेच्या अहवालापुरते न राहता एका वाङ्मयीन चळवळीचे व्यासपीठ होऊ शकते, याची ही साक्ष होय. अर्थात प्रत्येक महाविद्यालयातून चळवळ निघणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणेही व्यर्थ आहे.

भिवापूर आणि ये-जा करणारा विद्यार्थी

नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या भिवापूरची ओळख मिरचीची. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी छोटी रेल्वे २०१९ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद होईपर्यंत या भागाची जीवनवाहिनी होती. तालुक्याच्या गावी महाविद्यालये नव्हती तेव्हा उच्चशिक्षण म्हणजे नागपूर. ज्याला तेथे खोली करून राहणे परवडले तो शिकला. गावात वा जवळपास महाविद्यालय आल्यावर शिकणाऱ्यांचा वर्गच बदलला. घरी राहून, सकाळचे काम आटोपून, सवलतीचा पास घेऊन एस.टी.ने येणारी मुले-मुली महाविद्यालयात आली. हंगामात मिरचीची तोडणी, देठ खुडणे, कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातील उपस्थिती रोडावते. हजेरीपटावरील रिकाम्या चौकटींचा अर्थ कळण्यासाठी शिवारात जावे लागते.

या विद्यार्थ्याची आठवण वसतिगृहाभोवती गुंफलेली नाही. ती बसस्थानकाभोवती आहे. शेवटच्या तासाला बसू की बस पकडू हा त्याचा रोजचा प्रश्न. मैत्री जमते ती थांब्यावर, वाद होतात ते मागच्या बाकड्यावर, आणि स्नेहसंमेलनाचे नाटक उशिरा सुरू झाले तर ते अर्धवट टाकून निघावे लागते. ‘कोसला’त नसलेले, चांगदेव चतुष्टयात कडेकडेने दिसणारे हे महाविद्यालयीन जीवन मराठी साहित्यात अद्याप पुरेशा ताकदीने आलेले नाही. विदर्भातील ग्रामीण लेखनाने शेतकऱ्याचे कर्ज, नापिकी, आत्महत्या यांकडे लक्ष वेधले, ते आवश्यकच होते. पण त्याच घरातील पदवीधर मुलगा वा मुलगी हे त्या लेखनात बहुधा बेरोजगारीचे उदाहरण म्हणून येतात. तीन वर्षे वर्गात बसून त्यांनी काय ऐकले, मराठीच्या तासाला कोणता लेखक त्यांना जवळचा वाटला, राज्यशास्त्राच्या पुस्तकातील ग्रामपंचायत आणि गावातील ग्रामपंचायत यांचा मेळ त्यांनी कसा घातला, हे येत नाही. कला शाखेचे शिक्षण निरुपयोगी आहे असे एकदा गृहीत धरले की त्या शिक्षणाने मनावर काय केले हे विचारण्याची गरजच उरत नाही. हे गृहीत समीक्षेनेही फारसे तपासलेले नाही.

त्यातही मुलींचा प्रश्न वेगळा आहे. ग्रामीण महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी नोंदवहीत मुलगे टिकतात, कारण त्यांचे नाव व बहुधा गावही तेच राहते. मुलीचे लग्न झाले की आडनाव बदलते, मधले नाव बदलते, गाव बदलते. काही घरांत पहिले नावही बदलले जाते. पवनी, चिमूर, नागभीड या बाजूला दिलेली मुलगी पाच वर्षांनी महाविद्यालयाच्या दृष्टीने सापडेनाशी होते. मेळाव्याचे निमंत्रण माहेरच्या पत्त्यावर जाते आणि तेथेच राहते. मेळाव्यातील पुरुषांची गर्दी पाहून मुलींना महाविद्यालयाविषयी आस्था कमी, असा निष्कर्ष सहजपणे काढला जातो. वस्तुस्थिती अशी की दप्तर तिला ओळखत नाही. पावडे यांच्या बाबतीत बदललेल्या नावाने दार उघडले, येथे बदललेल्या नावाने ते बंद होते. दोन्ही ठिकाणी शिकलेली मुलगी मात्र जुन्या नावाचीच आहे.

वार्षिकांक हा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो, आणि विद्यार्थ्यांचे पहिले छापील लेखन त्यात येते. प्राचार्यांचे मनोगत, अहवाल, गुणवंतांची छायाचित्रे, मराठी-हिंदी-इंग्रजी विभाग, कविता आणि श्रद्धांजली अशा त्याच्या मांडणीत माजी विद्यार्थ्यांचा विभाग आढळलाच तर तो संदेशांचा असतो. तेथे संदेशाऐवजी मजकूर मागता येईल. ‘महाविद्यालयाने मला काय दिले’ या विषयावर निबंध येतील हे उघड आहे, म्हणून विषय निराळे द्यावे लागतील : कोणत्या तासाला झोप येत असे आणि का, कोणते पुस्तक ग्रंथालयातून परत केले नाही, शिक्षण कोणत्या महिन्यात आणि कोणत्या कारणाने सुटले, बस चुकल्यावर काय केले. उत्तरे बोलीत आली तर ती बोलीतच छापावी लागतील. झाडीपट्टीच्या कडेला असलेल्या या भागातील बोली प्रमाण मराठीत आणताना मनोगताचे पुन्हा ‘मनोगत व्यक्त केले’ होऊन बसते. काही लेखन संस्थेला अडचणीचेही ठरेल. संपादक मंडळावरील प्राध्यापकांना त्याची काळजी वाटणे स्वाभाविक आहे, कारण त्यांची नेमणूक त्याच संस्थेत असते. चांगदेव पाटलाला हे चांगले ठाऊक होते.

तोवर नोंदवहीत एक बदल लगेच होऊ शकतो. आज बहुतेक नमुन्यांत नाव, उत्तीर्ण वर्ष, सध्याचा व्यवसाय, पद आणि भ्रमणध्वनी एवढेच रकाने असतात. नावाच्या रकान्याशेजारी ‘प्रवेशाच्या वेळचे नाव’ असा एक रकाना, उत्तीर्ण वर्षाच्या जागी ‘महाविद्यालयात शेवटचे वर्ष’ आणि व्यवसायाच्या रकान्यात शेती, मजुरी, घरकाम असे लिहिण्यास संकोच वाटणार नाही एवढी मोकळी जागा.